तिसऱ्या रात्रीचा रुग्ण



आपण ज्या रे रोडला जमलो आहोत, तिथून थोड्या अंतरावर चार मोठी रुग्णालयं आहेत. भायखळ्याचं जे. जे., भायखळ्यातलंच मसीना, परळचं केईएम आणि हार्बर लाइनने दोन स्टेशनं पुढे शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. यांतल्या एकालाही आपण मनोरुग्णालय म्हणत नाही. मुंबईकराच्या डोक्यात मनोरुग्णालय म्हणजे ठाणे. १९०१ साली सुरू झालेलं, १८५० खाटांचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा आपला ठरलेला टोमणा आहे, आणि टोमणा मारून झाला की त्या विषयाशी आपला संबंध संपतो. मला आज म्हणायचं आहे ते असं की मानसिक आजारात रुग्णाची शुश्रूषा कशी होते आणि तो सुरक्षित राहतो का, हा प्रश्न ठाण्याइतकाच, किंबहुना जास्त, या चार इमारतींतल्या हाडांच्या, मेडिसिनच्या, सर्जरीच्या आणि क्षयाच्या वॉर्डांमध्ये आहे. तिथे तो मानसिक आजाराचा प्रश्न म्हणून ओळखलाच जात नाही, म्हणून सुटतही नाही. आणि तो ओळखायचा तर डॉक्टरांच्या आधी सिस्टरकडे वेळ असावा लागतो.

एक नमुना घेऊ. तो कल्पित आहे, पण त्यात अपूर्वाईचं काही नाही. दारूखान्यातल्या लोखंडाच्या गोदामात एका मजुराच्या पायावर पत्रा पडतो. नडगीचं हाड मोडतं. सोबतचे दोघे त्याला टॅक्सीत घालून आणतात, केस पेपर काढतात आणि कामावर परत जातात. घरचे लोक गावाला. ऑपरेशनची तारीख चार दिवसांनंतरची. पहिल्या रात्री माणूस मुकाट पडून असतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, जेवण जात नाही; दुखण्यामुळे असेल म्हणून सोडून दिलं जातं. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे किडे झटकू लागतो, नसलेल्या मुकादमाशी भांडतो, सलाईन उपटतो आणि मोडक्या पायावर उभा राहायला बघतो. शेजारचे रुग्ण उठतात, आरडाओरडा होतो. वॉर्डबॉय येतो, गॉज बँडेजची पट्टी दुहेरी करून दोन्ही मनगटं कॉटच्या लोखंडी दांडीला बांधतो. सकाळच्या हँडओव्हरमध्ये वाक्य येतं : ‘पेशंट रात्री व्हायलंट होता, बांधून ठेवलाय.’ कुणी सांगितलं, किती वाजता, किती वेळासाठी, याची ओळ केस पेपरवर बहुतेक वेळा सापडत नाही.

या माणसाला काय झालं आहे, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना हा भ्रम गाठतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू तुटल्याचा त्रास होणाऱ्यांपैकी तीन ते पाच टक्क्यांनाच ही पायरी येते, पण आली की ती जिवावरची असते. वेळेवर उपचार मिळाले तर मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहतं. उपचारांची सोय नव्हती त्या काळात ते याच्या कितीतरी पट होतं. म्हणजे ‘व्हायलंट’ हे ज्याचं वर्णन झालं तो त्या रात्री त्या वॉर्डातला सगळ्यात गंभीर रुग्ण असू शकतो. आणि आपण त्याला उताणा बांधून ठेवला. उताण्या बांधलेल्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. तो दोऱ्यांशी झुंजत राहतो, अंगात आधीच असलेला ताप आणि पाण्याचा तुटवडा वाढत जातो. मनगटाच्या नसा दबतात, पायाच्या शिरांत रक्त गोठू शकतं. अमेरिकेत १९९८ साली ‘हार्टफर्ड कूरंट’ या वृत्तपत्राने मनोरुग्णालयांत आणि तत्सम संस्थांत बांधून किंवा कोंडून ठेवल्यामुळे दहा वर्षांत झालेल्या मृत्यूंचा छडा लावला. १४२ नावं निघाली, तीही फक्त शोधता आली तेवढी.

बांधण्याने निदान गोंधळ तरी शमतो, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. येल विद्यापीठाच्या शॅरन इनूये यांनी १९९६ साली सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णालयात आल्यावर नव्याने भ्रम कशाकशामुळे होतो हे त्यात शोधलं होतं. पाच कारणं पुढे आली आणि त्यांत पहिल्या क्रमांकावर होतं रुग्णाला बांधणं. बांधलेल्यांत भ्रमाचा धोका चौपटीहून जास्त आढळला. कुपोषण, एकदम वाढवलेली औषधं, लघवीची नळी ही सगळी त्याच्या मागे. तीन वर्षांनी त्याच गटाने ८५२ वृद्ध रुग्णांवर उलटा प्रयोग केला. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी देणं, वेळच्या वेळी पाणी पाजणं, रात्री झोपेत व्यत्यय न आणणं, दिवसातून काही वेळा उठवून चालवणं, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा सांगणं. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. या यादीत एकही महाग औषध नाही. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवली जाते, आणि वॉर्डात माणसं कमी पडली की सगळ्यात आधी हीच गळते, कारण ती चार्टवर दिसत नाही. इंजेक्शन चुकलं तर विचारणा होते. पाणी पाजायचं राहिलं म्हणून मेमो निघाल्याचं कुणी ऐकलेलं नसेल.

आता त्या मजुराच्या पहिल्या संध्याकाळकडे वळू. त्या वेळी दाखल करून घेणाऱ्या सिस्टरने तीनच गोष्टी विचारायच्या होत्या : रोज पितोस का, शेवटची कधी घेतलीस, आणि याआधी कधी दारू सुटल्यावर फिट किंवा भास झाले होते का. स्वर पोलिसी नसावा एवढीच अट. उत्तर ‘हो’ आलं की पुढचं काम ठरलेलं आहे. दारू तुटल्याची लक्षणं मोजण्याची दहा मुद्द्यांची एक पट्टी १९८९ पासून जगभर वापरात आहे : हाताची थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास वगैरे, कमाल गुण ६७. प्रशिक्षित नर्स ती पाचेक मिनिटांत भरते. बॉस्टनमध्ये सैट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली १०१ रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला ठरलेल्या वेळापत्रकाने औषध मिळालं, दुसऱ्याला नर्सने ही पट्टी भरून गुण वाढले तरच. पहिल्या गटात उपचार साधारणपणे ६८ तास चालले आणि ४२५ मिलिग्रॅम औषध लागलं. दुसऱ्यात ९ तास आणि १०० मिलिग्रॅम, तेही गुंतागुंत न वाढता. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की तो प्रयोग व्यसनमुक्तीच्या विभागातला होता, अपघाताने आलेल्या गंभीर रुग्णांवरचा नव्हता, आणि ज्याला धड बोलता येत नाही त्याच्यासाठी ती पट्टी पुरी पडत नाही. तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. ठरावीक वेळाने येऊन रुग्णाकडे नीट पाहणारी नर्स हीच तिथे औषधाची मात्रा ठरवत होती. तिच्याच जोडीला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन दिलं आहे ना, हे पाहणारी नजर. कारण ते राहून गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

या सगळ्याला कायद्याचा आधार नसता तरी वैद्यकीय कर्तव्य म्हणून ते पुरेसं होतं. पण आधार आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून आलेल्या मानसिक अवस्थांचा स्पष्ट उल्लेख केला आहे, आणि मानसिक आजारी व्यक्तीला ठेवून घेणारं सर्वसाधारण रुग्णालयही मानसिक आरोग्य आस्थापनेत धरलं आहे. त्यामुळे तिसऱ्या रात्रीचा आपला मजूर या कायद्याच्या बाहेरचा नाही, असं माझं वाचन आहे. कलम ९५ साखळदंडावर सरसकट बंदी घालतं. त्यामागे तमिळनाडूतल्या एर्वाडीची आठवण आहे, जिथे ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळीने बांधलेले २८ जण जागचे हलू शकले नाहीत. कलम ९७ म्हणतं की एकट्याला कोंडून ठेवता येणार नाही. शारीरिक बंधन घालायचं तर तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कशाने बांधलं, का, किती वेळ, हे लगेच नोंदवायचं. रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. दर महिन्याला सगळ्या नोंदी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायच्या. आणि याच कलमात एक वाक्य आहे, जे मला साऱ्या कायद्यातलं सगळ्यात धाडसी वाटतं : केवळ कर्मचारी अपुरे आहेत या कारणाने आस्थापनेने बंधनाचा वापर करू नये. संसदेला आपल्या वॉर्डांची अवस्था ठाऊक होती, आणि तरीही तिने ही सबब आधीच नाकारून ठेवली.

इथे पहिला आणि सगळ्यात सरळ आक्षेप येतो. कायदा दिल्लीत लिहिला जातो आणि नाइट ड्युटी परळमध्ये करावी लागते. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. समजा, चाळीस खाटांचा वॉर्ड आहे, जमिनीवरच्या गाद्या धरून पंचावन्न रुग्ण आहेत आणि रात्री दोघीच सिस्टर आहेत. बारा तासांच्या पाळीची दोघींची मिळून १४४० मिनिटं होतात. त्यांना पंचावन्नने भागलं तर एका रुग्णाच्या वाट्याला सव्वीस मिनिटं येतात. त्यातून औषधं, इंजेक्शनं, सलाईन, नव्याने आलेला रुग्ण, रक्ताच्या पिशवीसाठी फोन आणि लिखाण वजा करा. उरलेल्यात एकाशी पंधरा मिनिटं शांतपणे बोला, असं सांगणं म्हणजे थट्टाच. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच या भाषणात मी कुठल्याही सिस्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं नाही. पण हाच आक्षेप उलटा वाचला तर तो माझ्या बाजूचा होतो. बांधण्याची पट्टी ही गैरहजर नर्सची जागा भरून काढते. ती किती वेळा वापरली हे मोजलं तर नर्स किती कमी आहेत, हेच वेगळ्या मापाने मोजलं जातं. लिंडा एकेन यांनी नऊ युरोपीय देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली मांडला. त्यात नर्सकडे एक रुग्ण जास्त सोपवला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथे जो भार मृत्यूच्या आकड्यात दिसतो, तोच मनाच्या आजारात आधी दोरीच्या रूपात दिसतो.

दुसरा आक्षेप नर्सच्या जिवाचा आहे, आणि परळच्या इतक्या जवळ बसून तो हलक्यात घेणं कुणालाही शोभणार नाही. केईएममध्ये २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो रुग्णाकडून नव्हे, रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याकडून. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत ज्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं, त्यांच्या कामाची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात आवर्जून घेतली. तोवरच्या साऱ्या काळात शरीरावर शय्याव्रण होऊ दिला नाही, हे तिथे नोंदलेलं आहे. परिचर्येने काय साधतं याचा याहून ठाम पुरावा मला माहीत नाही. पण नर्स सुरक्षित नसेल तर रुग्ण सुरक्षित नाही, हेही त्याच वास्तूने शिकवलं. महाराष्ट्राने २०१० साली रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला, तो आवश्यकच होता. मात्र तो नातेवाइकाच्या हातातल्या खुर्चीसाठी आहे. भ्रमात असलेल्या माणसाला अजामीनपात्र गुन्ह्याची भीती घालता येत नाही. त्या माणसासमोर काय चालतं, याचं उत्तर इंग्लंडमधल्या ‘सेफवॉर्ड्स’ प्रयोगातून मिळतं. लेन बोअर्स हे मुळात मानसिक आरोग्याचे नर्स. त्यांनी १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांवर हा प्रयोग केला आणि २०१५ साली प्रसिद्ध केला. वॉर्डात काय चालेल आणि काय नाही हे रुग्ण व कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवणं, वाईट बातमी आधी नर्सला कळणं म्हणजे ती तयारीत राहील, भडकलेल्याशी बोलण्याची पद्धत शिकणं, हँडओव्हरमध्ये प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी बरी गोष्ट सांगणं, अशा दहा साध्या गोष्टी. झटापटीचे प्रसंग १५ टक्क्यांनी घटले आणि बांधणं, कोंडणं, जबरीचं इंजेक्शन यांचं प्रमाण २६.४ टक्क्यांनी. म्हणजे बंधन कमी केलं आणि मारहाण वाढली, असं झालं नाही. दोन्ही एकदम उतरले.

अर्थात, बोलून भागत नाही अशी वेळ येते. तेव्हा औषध द्यावं लागतं, आणि कोणतं, याचा चांगला पुरावा परदेशातून आणायची गरज नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात २००४ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी अनावर रुग्णाला शांत करण्यासाठी आपल्याकडे सहज मिळणारी स्वस्त औषधं शास्त्रशुद्ध तपासली. पण मजुराला पहिल्या संध्याकाळी विचारायचे होते ते तीन प्रश्न इथे पुन्हा महत्त्वाचे ठरतात, कारण दारू तुटलेल्याला लागणारं औषध वेगळं असतं. आणि इंजेक्शननंतर श्वास, नाडी, रक्तदाब ठरावीक वेळाने पाहिला नाही तर रासायनिक बंधन हे कापडी बंधनाइतकंच धोक्याचं होतं.

तिसरा आक्षेप आत्महत्येचा. नजर हटली आणि रुग्णाने जीव दिला तर जबाबदार कोण? म्हणून दारांना कुलपं, खिडक्यांना जाळ्या आणि सतत पहारा. इमारतीतल्या धोक्याच्या जागा बंद करायलाच हव्यात, याबद्दल वाद नाही. उंच मजल्यांच्या खिडक्यांचं काम कुठल्याही समुपदेशनाआधी करावं. कुलपांची गोष्ट मात्र निराळी आहे. जर्मनीतल्या २१ रुग्णालयांतल्या पंधरा वर्षांच्या सुमारे १ लाख ४५ हजार नोंदींचा अभ्यास २०१६ साली आला. दारं उघडी ठेवणाऱ्या रुग्णालयांत आत्महत्या किंवा पळून जाणं जास्त आढळलं नाही. बोअर्स यांच्याच १३६ वॉर्डांच्या आधीच्या पाहणीत सततच्या पहाऱ्याचा स्वतःला इजा करण्याशी संबंध दिसला नाही, पण मधूनमधून येऊन पाहून जाण्याचा आणि प्रशिक्षित नर्सच्या संख्येचा दिसला. या दोन्ही जिथे जास्त, तिथे इजा कमी. खुर्ची टाकून बसलेला, मोबाइलमध्ये रमलेला पहारेकरी आणि वीस मिनिटांनी येऊन ‘झोप लागली का?’ विचारणारी सिस्टर यांत फरक पडतो, तो इथे.

पहाऱ्यावरून आठवलं. मुंबईच्या रुग्णालयांत हे काम आपण कधीपासून नातेवाइकांच्या गळ्यात घातलं आहे. ‘रात्री कोणी तरी थांबा’ हे वाक्य दाखल करतानाच ऐकवलं जातं, आणि रुग्णाची आई कॉटखाली चटई टाकून ती पाळी करते. तिचं असणं रुग्णाला बरं वाटतं, हे खरंच आहे. पण तिला नाडी बघता येत नाही, आणि ज्याचं या शहरात कुणीच नाही तो दारूखान्याचा मजूर या व्यवस्थेत सगळ्यात आधी बांधला जातो.

शिवडीचं उदाहरण वेगळ्या कारणाने घ्यायला हवं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या दीर्घ उपचारात सायक्लोसेरीन नावाचं औषध दिलं जातं. ते काहींच्या मनावर परिणाम करतं : खोल उदासी, संशय, भास, क्वचित जीव द्यायचे विचार. त्यात घरापासून तुटलेपण आणि रोगाचा कलंक. रुग्णाचा स्वभाव बदलतो तेव्हा तो एक्स-रेमध्ये दिसत नाही, थुंकीच्या तपासणीत कळत नाही. कालपर्यंत शेजाऱ्याशी पत्ते खेळणारा माणूस आज भिंतीकडे तोंड करून आहे, हे रोज औषध हातावर ठेवणाऱ्या सिस्टरच्याच लक्षात येतं. तिने ते कुणाला सांगायचं, किती वेळात मानसोपचारतज्ज्ञ येणार, औषध थांबवण्याचा विचार कोण करणार, ही वाट आधी आखलेली नसेल तर तिचं पाहणं वाया जातं. नव्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीत सायक्लोसेरीन नाही, ही आनंदाची बाब. पण सगळ्यांना ती लागू पडत नाही.

सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचार आणण्याचा मान मुंबईकडे लवकर आला. कोलकात्यात १९३३ साली गिरींद्रशेखर बोस यांनी असा विभाग सुरू केला आणि १९३८ साली डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे.मध्ये. कल्पना क्रांतिकारक होती : मनाच्या रुग्णाला तटबंदीत न पाठवता इतर रुग्णांशेजारी ठेवायचं. पण त्या विभागांबरोबर डॉक्टर आले, ओपीडी आली, तेवढ्या प्रमाणात मानसिक परिचर्येचं शिक्षण घेतलेल्या नर्स हाडांच्या आणि मेडिसिनच्या वॉर्डांत पोचल्या नाहीत. शिकाऊ नर्स ठाण्याला काही आठवडे पोस्टिंग करून येते आणि नंतर हे सगळं ‘तिथलं’ काम समजून सोडून देते. हे काम आपलं नाही, असंच वैद्यकाचा इतिहासही तिला शिकवतो. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात रुग्णांच्या बेड्या तोडल्याचं श्रेय चित्रांत आणि पाठ्यपुस्तकांत डॉ. पिनेल यांना मिळालं. प्रत्यक्षात १७९७ साली त्या काढल्या झां-बाप्तिस्त प्युसाँ यांनी. ते एके काळी तिथलेच रुग्ण होते आणि पुढे वॉर्डाचा कारभार पाहणारे कर्मचारी झाले. पिनेल यांनी नंतर त्यांच्याकडूनच ते उचललं.

म्हणून माझी मागणी मोठ्या योजनेची नाही. प्रत्येक मोठ्या पालिका आणि सरकारी रुग्णालयात प्रत्येक पाळीला मानसिक परिचर्येचं प्रशिक्षण घेतलेली एक नर्स अशी असावी की जिची ड्युटी कोणत्याही एका वॉर्डात नाही. तिला कुठूनही बोलावता येईल आणि कुणी बांधण्याची पट्टी हातात घेण्याआधी ती येईल. आणि प्रत्येक वॉर्डात बंधनाची एक वेगळी नोंदवही असावी : बांधलं किती वाजता, सोडलं किती वाजता, कोणाच्या सहीने, त्याआधी काय काय करून पाहिलं, त्या वेळी ड्युटीवर नर्स किती आणि रुग्ण किती. शेवटचे दोन रकाने मी मुद्दाम सुचवतो आहे. सबब म्हणून कायद्याने नाकारलेला कर्मचाऱ्यांचा तुटवडा त्यामुळे निदान पुरावा म्हणून कागदावर येईल, आणि महिन्याच्या अहवालातून मंडळापर्यंत जाईल. अशी वही सुरू झाली की पहिल्या वर्षी आकडे वाढलेले दिसतील, कारण आज ते शून्य आहेत ते न लिहिल्यामुळे. ज्या वॉर्डाच्या नोंदी सर्वांत जास्त येतील, त्या वॉर्डाच्या परिसेविकेला अधिष्ठात्यांनी मेमो न देता जादा नर्स द्यावी. तो एक मेमो निघाला तर पुढच्या महिन्यापासून वही पुन्हा कोरी राहील.